सदर कालावधीत

लातूर जिल्ह्यातल्या एका तहसील कार्यालयाबाहेर लिंबाच्या सावलीत टंकलेखकांची टेबलं आहेत. टाइपरायटर गेले, लॅपटॉप आणि छोटे प्रिंटर आले; टेबलं आणि माणसं तीच राहिली. २०२५च्या जानेवारीत त्यांतल्या एका टेबलाशेजारच्या बाकड्यावर मी बसले होते. माझ्यासोबतची मुलगी समाजशास्त्रात एम.ए. झालेली, नुकताच पीएच.डी.ला प्रवेश मिळालेली. विद्यापीठाच्या खिडकीवर तिला सांगितलं गेलं होतं, की शेवटची परीक्षा मे महिन्यात आणि प्रवेश जानेवारीत, म्हणजे मध्ये गॅप दिसतोय. गॅपचं प्रतिज्ञापत्र आणा.

टंकलेखक काकांना मजकूर विचारावा लागला नाही. तो त्यांच्याकडे तयारच होता. नाव, वय, गाव आणि दोन तारखा तेवढ्या भरायच्या. 'मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, सदर कालावधीत मी कोणत्याही शैक्षणिक संस्थेत प्रवेश घेतलेला नाही, तसेच कोठेही नोकरी अथवा व्यवसाय केलेला नाही.'

“मधल्या काळात काही केलं-बिलं नाही ना?” काकांनी चष्म्यावरून बघत विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या आठ महिन्यांत तिनं एकच परीक्षा दोनदा दिली होती. सोयाबीन पेरलं होतं आणि काढलंही होतं. गावातल्या दहावीच्या अकरा पोरांना इंग्रजीचं व्याकरण शिकवलं होतं. पुण्यातल्या एका प्राध्यापकांच्या प्रकल्पासाठी साठेक मुलाखती कानाला हेडफोन लावून, थांबवत थांबवत कागदावर उतरवल्या होत्या.

“नाही,” ती म्हणाली. “घरीच होते.”

प्रिंटरनं कागद बाहेर टाकला.

एक पदवी संपलीय आणि दुसरी लागलेली नाही, अशा उन्हाळ्यात मुलं काय करतात हे मी गेली दोन वर्षं विचारत हिंडते आहे. त्याला कारणही घरचंच आहे. मी तासिका तत्त्वावर शिकवते. मे उजाडला की माझंही नाव कुठल्याच हजेरीपटावर नसतं.

बारावीनंतरच्या सुट्टीचं घराला कौतुक असतं. बी.ए., बी.एस्सी.नंतरची सुट्टी एखाद्या लग्नात आणि एखाद्या ट्रेकमध्ये निघून जाते. एम.ए., एम.एस्सी.नंतरच्या सुट्टीला मात्र सुट्टी म्हणायची कुणाची हिंमत होत नाही. तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा मे महिन्यात सामानासकट गावी आला की पहिल्या आठवड्यात लोक 'कधी आलास' विचारतात, दुसऱ्या आठवड्यात 'कधी जाणार', आणि तिसऱ्या आठवड्यापासून काहीच विचारत नाहीत. तिसरा आठवडा सगळ्यांत वाईट, असं मला एकाहून अधिक जणांनी सांगितलं. मुलींचा तिसरा आठवडा तर पहिल्याच आठवड्यात येतो, कारण तोवर बायोडाटा कुठल्या तरी आत्याच्या मोबाइलवरून पुढे गेलेला असतो.

हा काळ मुलांच्या आळसातून येत नाही, वेळापत्रकातून येतो. चौथ्या सत्राची परीक्षा मेमध्ये संपते. निकाल जुलैत, कधी ऑगस्टात. प्राध्यापक होण्यासाठीची नेट परीक्षा जूनमध्ये, तिचा निकाल त्यानंतर. मग ज्या त्या विद्यापीठाची पीएच.डी.ची जाहिरात, मग मुलाखत, मग गाइड. आणि गाइडकडे जागा असावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या नियमाप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक विद्यार्थी. कुणाचा तरी प्रबंध जमा व्हावा, कुणाचा तरी व्हायवा उरकावा, तेव्हा एक खुर्ची मोकळी होते. त्या खुर्चीवर डोळा ठेवून बसणं हासुद्धा एक पूर्णवेळ उद्योगच आहे. प्रतिज्ञापत्रात तो येत नाही इतकंच.

पूर्वी मधला एक मुक्काम होता, एम.फिल.चा. २०२२च्या नियमावलीनं तो बंद केला. एम.फिल.च्या दर्जाबद्दल बोलण्यासारखं पुष्कळ होतं, मी स्वतः बोललेही आहे. पण त्याचा एक उपयोग कुणी हिशेबात धरला नाही. त्या दीड-दोन वर्षांत मुलाकडे ओळखपत्र असायचं, वसतिगृहातली कॉट असायची, ग्रंथालयाचं कार्ड असायचं. आता एम.ए.च्या पायरीवरून थेट पीएच.डी.च्या गच्चीवर उडी मारायची, आणि हवेत असताना फॉर्मवर पत्ता कुठला लिहायचा, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

कॉट सोडण्याआधी नो ड्यूज नावाचा कागद भरावा लागतो. ग्रंथालय, वसतिगृह, विभाग, प्रयोगशाळा, जिमखाना, अशा सगळ्यांच्या सह्या त्यावर लागतात. समाजशास्त्राच्या ह्या मुलीलाही प्रयोगशाळेच्या रकान्यात 'निरंक' असं लिहून आणावं लागलं होतं. जिमखान्याच्या सहीसाठी ती गेली तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की इथे कॅरम आहे. दोन वर्षं संपल्यावर. शिपायानं सही आणून देईपर्यंत ती एकटीच स्ट्रायकर मारत बसली होती.

“कॉट सोडताना काही वाटलं नाही,” ती मला म्हणाली, “लायब्ररीचं कार्ड देताना मात्र घशात आलं. बाई म्हणाल्या, इथं ठेव. ठेवलं. त्यांनी कात्रीनं कोपरा कापला आणि ड्रॉवरमध्ये टाकलं.”

मला हे कापणं ठाऊक आहे. माझंही कार्ड असंच कापलं गेलं होतं, आणि त्या वर्षी जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत मी पॅरासाइट होते. पुण्यातल्या वसतिगृहांत हा शब्द अजून चालतो. अधिकृत विद्यार्थ्याच्या खोलीत दोन कॉटच्या मधल्या फरशीवर गादी टाकून जो राहतो, तो पॅरासाइट, लाडानं 'पॅरा'. पॅराची आचारसंहिता असते. सकाळी साडेसहाच्या आत आंघोळ. चपला खोलीबाहेर काढायच्या नाहीत, कारण रेक्टर आधी चपला मोजतात. डबा एकच यायचा आणि तो दोघींत पुरवायचा. भात आधी संपवायचा, कारण पोळी उरली तर रात्री चहाबरोबर चालते. ज्या मैत्रिणीच्या खोलीत मी राहिले तिनं मला त्या तीन महिन्यांत एकदाही 'किती दिवस' असं विचारलं नाही. रेक्टरबाईंना सगळं माहीत होतं, हे मला पुढे दोन वर्षांनी कळलं. फेरीला येताना त्या जिन्यातच मोठ्यानं खोकायच्या.

आता कॅमेरे आहेत, बोटाचे ठसे आहेत. पॅरा होणं अवघड झालंय. मुलं कॉट बेसिसवर पेठांमधल्या वाड्यांत, नाहीतर अभ्यासिकेत राहतात. म्हणजे रात्रपाळीची अभ्यासिका लावायची आणि टेबलावर डोकं ठेवून झोपायचं. अभ्यासिकेत झोपायला बंदी असते, पण डोकं टेकायला नसते. हा बारकावा सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेच्या चालकांनी मला अत्यंत गंभीरपणे समजावून सांगितला.

तर, २०२४चा उन्हाळा.

नेट १८ जूनला होती, मंगळवारी. त्या वर्षी दोन गोष्टी नव्या होत्या. कित्येक सत्रं संगणकावर झालेली परीक्षा पुन्हा कागदावर आली होती, ओएमआरच्या गोळ्या काळ्या करायच्या. आणि यूजीसीनं मार्चमध्ये जाहीर केलं होतं, की नेटचे गुण आता पीएच.डी.च्या प्रवेशालाही चालतील. फेलोशिप न मिळालेल्यांसाठी सत्तर टक्के वजन नेटच्या गुणांना, तीस टक्के मुलाखतीला. म्हणजे ज्यांना प्राध्यापक व्हायचं होतं ते, ज्यांना फेलोशिप हवी होती ते आणि ज्यांना नुसता प्रवेश हवा होता ते, सगळे एकाच दारात. अर्ज आले ११ लाख २१ हजार २२५. त्या मंगळवारी देशभरातल्या ३१७ शहरांत प्रत्यक्ष परीक्षेला बसले ९ लाख ८ हजार ५८०. तीन तास, दीडशे प्रश्न, तीनशे गुण.

लातूरच्या त्या मुलीचा पेपर बरा गेला होता. तर्काचे प्रश्न सुटले, आकडेमोडीत वेळ गेला, समाजशास्त्रात वेबरनं वाचवलं. बुधवारी तिनं मैत्रिणीच्या खोलीवरचं उरलंसुरलं सामान बांधलं: एक बॅग, एक बादली, बादलीत पुस्तकं. बादली गावाकडे नेणं म्हणजे पुणं सोडणं, असं ती म्हणते. संध्याकाळी लातूरची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट असल्यानं वाचलेल्या पैशांत तिनं आईसाठी बाकरवडी घेतली होती. गाडी जेवणाला ढाब्यावर थांबून पुन्हा निघाली, दिवे मालवले गेले, आणि मागच्या सीटवरचा एक मुलगा एकदम म्हणाला, “कॅन्सल?”

तिला वाटलं, त्याचं तिकीट.

शिक्षण मंत्रालयानं रात्री निवेदन काढलं होतं. गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे केंद्राकडून मिळालेल्या माहितीवरून परीक्षेच्या सचोटीविषयी शंका वाटते, म्हणून ती रद्द करण्यात येत आहे, तपास सीबीआयकडे. परीक्षा होऊन पुरते दोन दिवसही झाले नव्हते. पुढे सीबीआयच्या तपासातून बातम्या आल्या, की ज्या स्क्रीनशॉटवरून हे सगळं झालं तो फेरफार केलेला होता, आणि तो एका शाळकरी मुलानं केला होता. तोवर जुलै निम्मा झाला होता.

गाडीत त्या मुलाखेरीज आणखी तिघं जण नेटवाले निघाले. अंधारात चार मोबाइल पेटले. कंडक्टरनं विचारलं, काय झालं रे पोरांनो. पेपर फुटला, कुणीतरी सांगितलं. “कुठला, नीटचा?” त्या महिन्यात वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेतल्या गोंधळाची बातमी सगळ्या महाराष्ट्राला पाठ होती. नीट नाही काका, नेट. “मग ती कशाची असती?” ह्या प्रश्नाला त्या चौघांपैकी एकालाही नीट उत्तर देता आलं नाही. प्राध्यापक होण्याची, एक जण म्हणाला. कंडक्टर म्हणाला, “म्हंजी अजून शिकायचंच हाय.” आणि पुढे जाऊन बसला.

पहाटे ती घरी पोचली तेव्हा वडील ओट्यावर जागेच होते. त्यांच्याकडेही बातमी होती. त्याच बुधवारी केंद्रानं खरिपाचे हमीभाव जाहीर केले होते: सोयाबीन ४,८९२ रुपये क्विंटल, गेल्या वर्षापेक्षा २९२नं जास्त. “भाव वाढला,” वडील म्हणाले. “पेपर रद्द झाला,” ती म्हणाली. दोघांनीही एकमेकांच्या बातमीवर 'असू दे' म्हटलं. भाव जाहीर होणं आणि आडतीत तो पदरात पडणं ह्यांत किती अंतर असतं हे त्यांना ठाऊक होतं. पेपर रद्द होणं म्हणजे काय हे मात्र त्यांना हळूहळू कळत गेलं, मुलगी ऑगस्टपर्यंत घरीच राहिली तेव्हा.

सातबारा ज्याच्या नावावर असतो त्याला शेतकरी म्हणतात. पेरणीच्या दिवशी तिफणीमागं, आता ट्रॅक्टरमागं, पोतं सोडून बियाणं मोजून देणाऱ्या एम.ए. पास मुलीला काही म्हणत नाहीत. त्या जूनमध्ये तिनं पेरणी केली, आणि दुपारी बाराच्या उन्हात जांभळाखाली मोबाइलवर मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवल्या. गावात रेंज फक्त त्या जांभळाखाली आणि शाळेच्या गच्चीवर. शाळेच्या गच्चीवर जायला सुरुवात केली तसे दहावीची पोरं भोवती जमली, आणि शिकवणी आपोआप लागली. फी कुणी ठरवली नाही. कुणी दूध आणून दिलं, एकानं वडिलांना न विचारता कोंबडी आणली, ती परत पाठवावी लागली.

“शिकवताना मला पहिल्यांदा वाटलं की मी बेकार नाहीये,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, “हे लिहू नका. मी बेकारच होते.” मी लिहिते आहे, तिला सांगून.

फेरपरीक्षा २१ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर ह्या काळात संगणकावर झाली. निकाल १७ ऑक्टोबरला लागला. आणि ह्या सगळ्या प्रकरणातला जो आकडा मला झोपू देत नाही, तो त्या निकालाच्या पत्रकात होता: फेरपरीक्षेला बसले ६ लाख ८४ हजार २२४. जूनमध्ये बसलेल्यांपेक्षा जवळजवळ सव्वादोन लाख कमी.

सव्वादोन लाख माणसं दोन महिन्यांत कुठे गेली?

काहींना केंद्र लांब मिळालं असेल, काहींची तारीख दुसऱ्या परीक्षेवर आली असेल, काही जण पहिल्या वेळीही उगाच बसले असतील. त्यांतला एक मला चाकणला भेटला. धुळ्याकडचा, एम.एस्सी. जूनमध्ये पुण्यात कॉट बेसिसवर राहून परीक्षा दिलेला. रद्द झाल्यावर घरी कळवलंच नाही, कारण घरून विचारलं असतं, 'मग आता पैसे किती दिवस?' जुलैत एका मित्राच्या ओळखीनं वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात लागला. तीन पाळ्या, कंत्राटदारामार्फत. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात त्याची परीक्षा होती, दुसऱ्या पाळीत. सुट्टी मागितली. सुपरवायझर वाईट माणूस नव्हता. “परीक्षा कशाची?” त्यानं विचारलं. हा म्हणाला, “प्रोफेसर व्हायची.” सुपरवायझर हसला नाही, म्हणाला, “मग जा. पण परत येशील तेव्हा जागा असेल असं सांगता येत नाही.”

तो गेला नाही.

आम्ही कारखान्याच्या फाटकासमोरच्या टपरीवर उभे होतो. त्याच्या हातात व्हर्निअर कॅलिपर होता, खिशातून काढून चाळा करत होता. आवडता विषय कुठला होता तुझा, मी विचारलं. “टोपॉलॉजी,” तो म्हणाला, आणि चहाचा कागदी कप हातात घेऊन त्याचा काठ बोटांनी दाबत वाकवत मला समजावू लागला, की कपाला कान असेल तर तो कप आणि मेदूवडा एकच, कारण दोघांनाही एकेकच भोक. बिनकानाचा हा कप म्हणजे नुसती ताटली. दहा मिनिटं तो बोलत होता. भोंगा वाजल्यावर कप फेकून दिला आणि आत गेला. पगार चांगला आहे म्हणतो. बहिणीचं लग्न त्यानंच केलं.

हे सांगताना मला दया दाखवायची नाही. चाकणची नोकरी करणं हे नेट देण्यापेक्षा हलकं काम नाही. माझं म्हणणं एवढंच, की हा निर्णय त्यानं विचार करून घेतला असता तर गोष्ट वेगळी. तो एका उन्हाळ्यानं घेतला. जागा कुठे, जेवण कुठे, पुढचा महिना कसा, ह्या तीन प्रश्नांनी घेतला. ज्यांच्या घरी दोन महिने विनाप्रश्न पोळी मिळते, ती मुलं उन्हाळा ओलांडतात. हुशारीचा त्यात फार संबंध नसतो. ज्युनिअर रिसर्च फेलोशिप महिना ३७ हजारांची आहे, पण ती मिळते उन्हाळा ओलांडून पलीकडे पोचलेल्याला. २०२४च्या त्या सत्रात ती मिळाली ४,९७० जणांना.

२०२३च्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात, राज्य सरकारच्या सारथी संस्थेच्या फेलोशिपचा विषय निघाला असताना, तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधान परिषदेत विचारलं होतं, की पीएच.डी. करून मुलं काय दिवे लावणार आहेत. त्यावर बराच गदारोळ झाला.  मला त्या प्रश्नाचा राग येत नाही. फक्त तो विचारताना तेलाचा हिशेबही विचारायला हवा होता.

गॅपची गोष्ट निघाली की मी मुलांना एक जुना हिशेब सांगते. भीमराव आंबेडकर १९१६च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जातिव्यवस्थेवरचा आपला निबंध वाचत होते, आणि ऑक्टोबरात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले होते. एका पदवीतून दुसऱ्या पदवीत, मध्ये एक उन्हाळा. पण पुढच्याच वर्षी बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करता येईल, अशी परवानगी तेवढी मिळाली. ते पुन्हा लंडनला निघाले १९२०च्या जुलैत. म्हणजे तीन वर्षांचा गॅप. ह्या सदर कालावधीत त्यांनी बडोद्यात नोकरी केली, तिथे राहायला खोली मिळाली नाही म्हणून ती सोडली; मुंबईत सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं; मताधिकाराच्या प्रश्नावरच्या साउथबरो समितीपुढे साक्ष दिली; ३१ जानेवारी १९२०ला 'मूकनायक' काढलं. साठवलेला पगार, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज, ह्यांवर परतीचं तिकीट निघालं. १९२१ला एम.एस्सी., १९२३ला डी.एस्सी.

आजच्या खिडकीवर त्यांना 'कोठेही नोकरी केलेली नाही' असं लिहून देता आलं नसतं. वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात. पुढच्या बाकावरचा एक जण एकदा म्हणाला, “मॅडम, त्यांना परत यायला चार वर्षं दिली होती. आपल्या नेटचे गुण प्रवेशाला एकच वर्ष चालतात.” खरं आहे. फेलोशिप न मिळालेल्यांसाठी नियम तसाच आहे.

२०२५चा उन्हाळा मी दुसऱ्या एका घरात पाहिला. मिरजेचं घर. मुलगा पुण्यातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेला, अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात पीएच.डी.चा प्रवेश, शिकवण्याच्या बदल्यात फी माफ आणि मासिक भत्ता. सगळं कसं सरळ. व्हिसासाठी लागणारं विद्यापीठाचं आय-२० पत्र मे महिन्यात हातात आलं. व्हिसाची १८५ डॉलर फी भरली, परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे, म्हणजे सेव्हिसचे ३५० डॉलर भरले. मुलाखतीची तारीख घ्यायची तेवढी राहिली होती.

त्या वर्षी उन्हाळा तसा पुरता झालाच नाही. २६ मेला पाऊस मुंबईत पोचलासुद्धा, नोंदींत कधी नव्हे इतक्या लवकर. आंब्याच्या अढीत पाणी शिरलं म्हणून घरात आरडाओरडा चालू असताना, दुसऱ्या दिवशी बातमी आली, की अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती थांबवल्या आहेत. किती दिवस, ते कुणी सांगितलं नव्हतं. १८ जूनला त्या पुन्हा सुरू करण्याचा आदेश निघाला, एक अट घालून: अर्जदाराची सोशल मीडियाची सगळी खाती तपासणीसाठी खुली पाहिजेत.

ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात आल्या त्या दिवशी हा मुलगा मिरजेत आजीच्या पलंगावर बसून आपलं इन्स्टाग्राम मागे मागे चाळत होता. राजगड, राजगड, हरिश्चंद्रगड, मित्राचं लग्न, एक विनोद जो त्याला आता विनोद वाटत नव्हता. “हे काढू का ठेवू?” तो विचारायचा. काढलं तर का काढलं विचारतील, ठेवलं तर का ठेवलं विचारतील. आजीला वाटलं, तो फोटो दाखवतोय. ती प्रत्येक गडावर हात जोडत होती.

तारखेसाठी संकेतस्थळ उघडून बसायचं, फार वेळा उघडलं तर खातं काही तास गोठतं, म्हणून मोजून उघडायचं. आई रात्री दोनला गजर लावून उठायची आणि त्याला उठवायची. जुलैअखेर तारीख मिळाली, बीकेसीतल्या वकिलातीत. मुलाखत तीन मिनिटं चालली. व्हिसा मिळाला तेव्हा सत्र सुरू व्हायला नऊ दिवस उरले होते.

मग नऊ दिवसांत जे अडीच महिन्यांत करायचं ते सगळं. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा. घरच्या काट्यावर विश्वास नसल्यानं वडील त्या स्कूटरवर घालून कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत घेऊन गेले. गिरणीवाल्यानं दळणाचे डबे बाजूला सारले आणि बॅग काट्यावर चढवली. पंचवीस किलो चारशे. तिथेच, पिठाच्या धुरळ्यात, बॅग उघडली गेली. कुकर काढला, ठेवला, पुन्हा काढला. शेवटी क्वांटम मेकॅनिक्सचं जाड पुस्तक बाहेर आलं आणि कुकर राहिला. गिरणीवाल्यानं पैसे घेतले नाहीत. म्हणाला, “तिकडनं आल्यावर दळण टाका.”

तो मुलगा गेला, पोचला. त्याच्याबरोबर प्रवेश मिळालेली पुण्याची एक मुलगी मात्र वेळेत तारीख न मिळाल्यानं जाऊ शकली नाही. तिच्या विद्यापीठानं जागा पुढच्या जानेवारीपर्यंत राखून ठेवली. ती सध्या काय करते असं मी तिला फोनवर विचारलं.

“काही नाही, घरीच आहे,” ती म्हणाली. पाठीमागून कुकरच्या शिट्टीचा आणि कुणाला तरी पाढे म्हणायला लावल्याचा आवाज येत होता.

लातूरच्या मुलीला फेलोशिप मिळाली नाही. ऑक्टोबरच्या निकालात सहायक प्राध्यापक पदासाठी आणि पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरलेले ५३,६९४ जण होते, त्यांत ती होती. मुलाखत झाली, एका गाइडकडे एक खुर्ची मोकळी झाली, आणि खिडकीवर गॅप दिसला. वसतिगृहात तिला आता कॉट आहे, जुन्या इमारतीत, जिन्याशेजारी. ग्रंथालयाचं कार्ड नवं आहे, फोटो मात्र तिनं जुनाच लावला. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस कोसळला तेव्हा ती चार दिवस गावी जाऊन आली; सोयाबीन उभ्यानं पाण्यात होतं. तिच्या खोलीत फरशीवर गादी घालून एक पॅरा राहते. कुठली, किती दिवस, ते मी विचारलं नाही, आणि तुम्हीही कुणाच्या खोलीत अशी गादी दिसली तर विचारू नका.

प्रतिज्ञापत्राची मूळ प्रत विद्यापीठात जमा आहे. झेरॉक्स तिच्या आईनं घरी ट्रंकेत ठेवलीय, बियाण्याच्या पावत्यांच्या पिशवीत.